गिटारवर स्वतःचा सोलो कसा सुचतो? बॉक्स पाठ आहेत, पण बोलत नाहीत

सहावी_तार
नमस्कार मंडळी.

चार वर्षं इलेक्ट्रिक गिटार वाजवतोय. कॉर्ड, बार कॉर्ड, स्ट्रमिंग यांत अडचण नाही. मायनर पेंटाटॉनिक या पाच सुरांच्या स्केलचे पाचही बॉक्स, म्हणजे गिटारच्या मानेवरच्या बोटांच्या ठरलेल्या चौकटी, झोपेतून उठवलं तरी वाजवून दाखवेन. नावाजलेले चार-पाच सोलो टॅब (कुठल्या तारेवर कुठला फ्रेट, हे आकड्यांत लिहिलेला कागद) बघून बसवलेत, मूळ वेगात. पण बॅकिंग ट्रॅक लावून ‘आता तुझं तू वाजव’ म्हटलं की बोटं बॉक्समध्ये वर जातात, खाली येतात, परत वर जातात. पाढे म्हटल्यासारखं होतं. रेकॉर्ड करून ऐकलं तर एकही सूर चुकलेला नसतो आणि एकही लक्षात राहत नाही.

आत्ता विचारायचं कारण असं. आम्ही पाच मित्रमैत्रिणींनी मिळून एक गाणं केलंय. कविता आमच्यातल्याच एकीची, चाल सगळ्यांची. कॉर्ड ए मायनर, एफ, सी, जी, प्रत्येक कॉर्ड एक बार म्हणजे चार मात्रा, वेग मिनिटाला ८० मात्रा. दुसऱ्या कडव्यानंतर १६ बारची जागा माझ्यासाठी सोडलीय, म्हणजे ४८ सेकंद. कोजागिरीला सोसायटीच्या गच्चीवर पहिल्यांदा वाजवायचंय. दोन महिने आहेत.

प्रश्न दोन. ऐनवेळी सुचेल ते वाजवावं की आधी बांधून ठेवावं? आणि बांधायचं तर सुरुवात कुठून करायची?

निवांत_नाशिक
अगदी माझाच प्रश्न. वाचतोय.

फ्रेटमास्तर
तुमचा बॉक्स ठीक आहे. त्याच्याखाली चाललेल्या कॉर्डकडे कान नाहीये.

ए मायनर पेंटाटॉनिक म्हणजे ए, सी, डी, ई, जी. हे पाच सूर तुमच्या चारही कॉर्डवर खपून जातात. म्हणून चूक ऐकू येत नाही आणि म्हणूनच काही घडतही नाही. आता कॉर्ड उघडून बघा. एफ कॉर्डमध्ये एफ, ए, सी. जी कॉर्डमध्ये जी, बी, डी. यातले एफ आणि बी तुमच्या बॉक्समध्ये नाहीतच! कॉर्ड बदलली हे ज्यांच्यामुळे कळतं तेच दोन सूर तुम्ही चार वर्षं टाळत आलात.

पाचव्या फ्रेटच्या बॉक्समध्येच ते हाताशी आहेत. दुसऱ्या तारेवर सहावा फ्रेट म्हणजे एफ, तिसऱ्या तारेवर चौथा फ्रेट म्हणजे बी. पहिला आठवडा एवढंच करा: कॉर्ड बदलली की पहिल्या मात्रेवर तिचा थर्ड, म्हणजे कॉर्डच्या मूळ सुरापासून मोजलेला तिसरा सूर, वाजवा. सी, ए, ई, बी. एका बारला एक सूर, बाकी शांतता. त्यानंतर एका थर्डवरून दुसऱ्यावर जायच्या वाटा शोधा. बॉक्स त्या वाटांसाठी आहे.

पेटीवाला
मी गिटारवाला नव्हे. पस्तीस वर्षं भजनाला पेटी धरतोय, तरी या प्रश्नावर राहवलं नाही.

तुमचा ए म्हणजे आमची पांढरी सहा. तिला सा धरलं तर तुमचे पाच सूर होतात सा, कोमल ग, म, प, कोमल नि. हा तर धानी रागाचा सरंजाम. पण धानी गाणारा माणूस हे पाच सूर ओळीने वर-खाली म्हणत बसत नाही. तो गंधारावर रेंगाळतो, पंचमावर येऊन थांबतो, निषादाला हात लावून सा वर विसावतो. कुठे थांबायचं आणि तिथे कुठून यायचं हे ठरलं की राग दिसतो. नुसते सूर म्हणजे बाजारातून आणलेली भाजी. ती निवडायची, चिरायची, फोडणीला टाकायची राहिलीच की.

माझा सल्ला: गिटार खाली ठेवा. मोबाईलवर तानपुरा लावा, पांढरी सहा. त्यावर गुणगुणा. गळा कसाही असो. चार सुरांची एखादी जागा आवडली की तीच दहा वेळा म्हणा आणि मगच गिटारवर शोधा. तोंडात बसलेलं बोटांत येतं. उलटं सहसा होत नाही.

फ्रेटमास्तर
काका, गुणगुणण्याबद्दल पूर्ण सहमत, तानपुऱ्याबद्दल नाही. तानपुऱ्यावर सा हलत नाही. इथे दर तीन सेकंदांनी पायाखालची जमीन बदलते. एकच सी घ्या. ए मायनरवर तो थर्ड आहे, हळवा वाटतो. एफवर फिफ्थ म्हणजे पाचवा सूर, तिथे तो आधार देतो. सी कॉर्डवर तोच घर. आणि जीवर त्याच सीला खालच्या बीकडे ओढ लागते, तिथे थांबलात तर वाक्य अर्धवट राहिल्यासारखं वाटतं. हे चार रंग तानपुऱ्यावर कळणार नाहीत. कॉर्ड लूप करून त्यावरच गायला हवं.

पेटीवाला
मान्य. आमच्याकडे जमीन स्थिर असते म्हणून ती सवय. पण मग सरगमच्या भाषेत तुमचा एफ म्हणजे कोमल धैवत आणि बी म्हणजे शुद्ध रिषभ. ते दोन आले की धानी संपली आणि आसावरी थाटाची सप्तकं उघडली. मंडळींना अधिक ओळखीचं वाटेल ते. आता पेटीवर तुमच्या चार कॉर्ड दाबून बसतो. मजा येतेय.

रात्रपाळी
दोघांचंही बरोबर, पण दोघेही एक पायरी गाळताय. भाषा यायच्या आधी ऐकून नक्कल करावी लागते. सहावी_तार यांनी सोलो ‘टॅब बघून’ बसवलेत. माझ्या मते अडचण तिथेच आहे.

नव्वदच्या दशकात गिरणगावात शिकलो. टॅब नाही, शिकवणारं कोणी नाही. मित्राच्या भावाची कॅसेट आणि एक टेपरेकॉर्डर, ज्याचा पट्टा सैल असल्याने सगळं किंचित खाली वाजायचं. आधी गिटार त्या कॅसेटला मिळवून घ्यायची, मग कामाला लागायचं. दोन सेकंद ऐक, थांबव, मागे घे, शोध. आठ बारच्या सोलोला मला अख्खा महिना लागला. पण त्या महिन्यात कळलं की वाजवणारा श्वास कुठे घेतो, बेंड (तार ढकलून सूर चढवणं) वर नेताना किती वेळ लावतो, एखादा सूर मात्रेच्या जरा मागे कसा ठेवतो. टॅबवर यातलं काही येत नाही. फ्रेटचा आकडा तेवढा येतो.

आता तर व्हिडिओचा वेग निम्मा केला तरी पट्टी तीच राहते. आमच्या वेळी हे असतं तर! एकच सोलो घ्या, साधा, संथ. ब्लूज गाणारे-वाजवणारे बी. बी. किंग, त्यांच्यापासून सुरुवात करा. ते गाताना गिटार वाजवत नसत. ओळ गायची, थांबायचं आणि मग गिटारने उत्तर द्यायचं. म्हणून त्यांचा प्रत्येक तुकडा वाक्यासारखा ऐकू येतो. कागद न बघता चार बार उतरवा. मग त्यातला एकच तुकडा घेऊन तुमच्या चार कॉर्डवर फिरवून बघा. कुठे चालतो, कुठे शेवटचा सूर बदलावा लागतो. तेव्हा फ्रेटमास्तरांचं थर्डचं गणित आपोआप हाताला लागेल.

निवांत_नाशिक
+१. मी ज्या क्लासला जायचो तिथे वर्षभर फक्त टॅबच्या झेरॉक्स मिळायच्या. ‘कानाने शोध’ असं कोणी एकदाही म्हटलं नाही. आज वाईट वाटतं त्या वर्षाचं.

अबोली_गाते
मी गायिका आहे, बँडमध्ये गाते. सोलो सुरू असताना मी स्टेजवर मध्यभागी उभी असते, त्यामुळे तुमच्याबद्दल माझी मतं पक्की आहेत. :)

गळ्याने गाणाऱ्याला श्वास लागतो म्हणून वाक्यं आपोआप तुटतात. गिटारला फुप्फुसं नाहीत, म्हणून तुम्ही ४८ सेकंद न थांबता बोलत राहता. वेग ८० असेल तर दोन बार म्हणजे सहा सेकंद. एका श्वासात तेवढंच बसतं. प्रत्येक वाक्य वाजवताना सोबत ओठ हलवून गा आणि श्वास संपला की हात थांबवा. १६ बारमध्ये जेमतेम आठ वाक्यं होतात. त्यातलं एखादं गाळलंत तर आणखी छान.

दुसरं, आणि हे मला मनापासून सांगायचंय. सोलोचा शेवट आधी ठरवा. सोलो संपला की मी तिसरं कडवं उचलणार असते. तुम्ही शेवटच्या बारमध्ये वर कुठेतरी तुफान करून अचानक थांबलात तर मला माझा सूर हवेतून पकडावा लागतो. ख्याल गाणारे तान घेऊन मुखड्यावर येतात तेव्हा तानेचा शेवटचा सूर त्यांना मुखड्याच्या दारात आणून सोडतो. तसं करा. तिसरं कडवं कुठल्या सुरावर सुरू होतं ते तुमच्या गायिकेला विचारा आणि तिथून उलटं मागे येत बांधा.

सहावी_तार
@अबोली_गाते, हे चार वर्षांत कोणीच सांगितलं नव्हतं. विचारतो तिला.

मडगावकर
बांधलेला सोलो म्हणजे कमी प्रतीचा, असं बऱ्याच जणांच्या डोक्यात असतं, म्हणून लिहितोय.

आमच्या गोव्यात पॅरिशच्या शाळांत मुलं आधी सॉल्फेज, म्हणजे पाश्चात्त्य सरगम, म्हणायला शिकत, मग हातात व्हायोलिन येई. तिथून शिकलेली माणसं मुंबईला गेली आणि हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदांत बसली. सेबॅस्टियन डिसोझा, अँथनी गोन्साल्विस ही त्यातली मोठी नावं. त्या काळच्या गाण्यांत गायकाच्या मागे व्हायोलिनची जी दुसरी सुरावट चालते, तिला ऑब्लिगाटो म्हणतात. ती कागदावर एकेक सूर लिहिलेली असायची. तरी ऐकताना वाटतं आत्ता सुचली. माझे थोरले काका लग्नाच्या बँडमध्ये ट्रम्पेट वाजवायचे. तेही म्हणायचे, लिहिलेलं इतकं वाजव की लिहिलंय हे विसरशील.

निवांत_नाशिक
पण मग ‘इम्प्रोव्हायझेशन’ कुठे राहिलं? रॉकमध्ये तर सगळे ऐनवेळीच वाजवतात ना?

लीड्सकर
नाही, निवांत. दोन उदाहरणं सांगतो.

ईगल्स या अमेरिकन बँडचं ‘हॉटेल कॅलिफोर्निया’, १९७६. त्यांचा गिटारवादक डॉन फेल्डरने घरी बसून डेमो केला होता, सोलोसकट. पुढे मायामीच्या स्टुडिओत तो आणि दुसरा गिटारवादक जो वॉल्श मनाला येईल ते वाजवायला लागले, तेव्हा बँडचा गायक डॉन हेन्लीने थांबवलं. त्याला डेमोतलंच हवं होतं. डेमोची कॅसेट फेल्डरच्या घरी, देशाच्या दुसऱ्या टोकाला. मग त्याने घर सांभाळणाऱ्या बाईंना फोन केला, त्यांनी कॅसेट शोधून टेपवर लावली आणि रिसिव्हर जवळ धरला. ते ऐकून त्याने स्वतःचाच सोलो परत शिकून घेतला. हा किस्सा त्यानेच सांगितलेला आहे.

दुसरं उदाहरण पिंक फ्लॉइड बँडचं ‘कम्फर्टेबली नम्ब’, १९७९. त्यांचा गिटारवादक डेव्हिड गिल्मोरने पाच-सहा वेळा वेगवेगळं वाजवलं, मग ऐकत बसून प्रत्येकातल्या चांगल्या जागांवर खुणा केल्या आणि त्या जोडून एक सोलो केला. म्हणजे सुचलं वाजवतानाच, निवडलं मात्र नंतर. सहावी_तार यांनी हीच वाट धरावी असं मला वाटतं. रोज दहा वेळा रेकॉर्ड करा. नव्वद टक्के टाकून द्या.

फ्रेटमास्तर
लीड्सकरांनी विषय काढलाच आहे तर. ‘हॉटेल कॅलिफोर्निया’ची पट्टी बी मायनर, दुसरीच कॉर्ड एफ शार्प मेजर. त्यात ए शार्प आहे आणि बी मायनर पेंटाटॉनिकमध्ये आहे साधा ए. बॉक्सवर विसंबून त्या बारमध्ये ए धरून ठेवलात तर कानाला टोचतो. शेवटी दोन गिटार मिळून जे वाजवतात ते ऐका, कॉर्डचेच सूर एकामागून एक उलगडत जातात. सगळ्या जगाला तोंडपाठ असलेला तुकडा, आणि आत आहेत फक्त कॉर्डचे सूर.

पेटीवाला
म्हणजे पांढरी सात सा धरली तर एरवी कोमल निषाद आणि त्या एका कॉर्डवर शुद्ध निषाद. दोन्ही निषाद! आत्ता पेटीवर वाजवून बघितलं. अंगावर काटा आला हो.

चिपळूणची_सर
धागा सोडून एक शंका. मी अकूस्टिकवर बेंड करते तेव्हा सूर अर्धाच चढतो, बोटं सोलवटतात. माझंच चुकतंय का? शिवाय पावसाळ्यात महिन्याभरात तारा गंजतात.

रात्रपाळी
ताई, तारा जाड असतात अकूस्टिकच्या, बहुतेकदा १२ नंबरचा संच. इलेक्ट्रिकवर ९ किंवा १० असतो, शिवाय तिसरी तार तिथे साधी असते आणि अकूस्टिकवर गुंडाळलेली. ती पूर्ण सूर चढवणं अवघडच. ११ किंवा १० चा संच लावून बघा. आणि एकट्या अनामिकेने ढकलू नका. तिच्यामागे मधलं बोट आणि तर्जनीही त्याच तारेवर ठेवा, जोर मनगटाच्या वळण्यातून येऊ द्या. वाजवून झालं की कोरड्या सुती फडक्याने तारा वरून आणि खालूनही पुसायच्या. कोकणात याला पर्याय नाही.

फ्रेटमास्तर
आणि बेंड सुरात आहे का ते तपासायची सोपी युक्ती: दुसऱ्या तारेवर पाचवा फ्रेट वाजवा, तो ई. मग तिसऱ्या तारेचा सातवा फ्रेट, म्हणजे डी, वर ढकलत त्याच ईपर्यंत न्या. दोन्ही एकसारखे ऐकू येईपर्यंत. रोज वीस वेळा. बेसूर बेंड झाला तर अख्खा सोलो बेसूर वाटतो.

सहावी_तार
तीन आठवड्यांनी परत आलोय. काय काय केलं ते लिहितो.

पहिला आठवडा थर्ड. सी, ए, ई, बी. चौथ्या दिवशी काहीतरी झालं. जी कॉर्डवर बी वाजवला आणि पहिल्यांदाच मला कॉर्ड बदललेली *आतून* ऐकू आली. एवढी वर्षं मी फक्त बार मोजत होतो.

दुसरा आठवडा बी. बी. किंग, चार बार, टॅब न बघता. सातही संध्याकाळी गेल्या. सूर मोजले तर एकूण अकरा. अकरा! मी तेवढ्या जागेत चाळीस वाजवले असते.

तिसऱ्या आठवड्यात लूप लावून गायलो आणि फोनवर रेकॉर्ड केलं. सुचलेलं चांगलं वाटतं, पण एफ कॉर्डवर अडतोय. तो एफ वाजवला की उदास होण्याऐवजी चुकल्यासारखं वाटतं.

पेटीवाला
त्या कोमल धैवतावर उभं राहू नका. धैवत लावायचा आणि लगेच पंचमावर उतरायचं. आपल्याकडे कोमल धैवत असाच शोभतो, पंचमाच्या कुशीतून वर डोकावणारा. दुसरी तार, सहाव्या फ्रेटवरून पाचव्यावर, बोट न उचलता घसरून.

फ्रेटमास्तर
काकांचा उपाय उत्तम. भर एवढीच की उतरण्याची वेळ साधा. एफच्या बारमध्ये शेवटच्या मात्रेपर्यंत धैवत धरा आणि सी कॉर्ड सुरू होताच ईवर या. ई हा सीचा थर्ड आहे. तुमचा सूर आणि कॉर्ड एकाच क्षणी घरी पोहोचतील.

चिपळूणची_सर
आत्ता हे करून बघितलं. दोनच सूर आहेत, पण आई स्वयंपाकघरातून म्हणाली, ‘काय गं ते, परत वाजव.’

अबोली_गाते
आणि शेवटाचं काय झालं? विचारलं का तुमच्या गायिकेला?

सहावी_तार
विचारलं. तिसरं कडवं ती ईवर उचलते, ए मायनरच्या समेवर. म्हणजे पेटीवाला काकांच्या भाषेत पंचम. हे कळल्यावर शेवट एका संध्याकाळीच सापडला. मी शोधलाच नाही, तिथे आधीच होता.

सोळावा बार जी कॉर्डचा. तिथे तिसऱ्या तारेवर सातवा फ्रेट, डी. तो जीचा फिफ्थ, म्हणून शांत बसतो. दोन मात्रा नुसता धरायचा. मग तिसऱ्या मात्रेपासून हळूहळू बेंड वर न्यायला लागायचं आणि सम येईल तेव्हा बरोबर ईवर पोहोचायचं. त्याच क्षणी ती त्याच सुरावर ‘ये’ म्हणते. तो शब्दच कडव्याचा पहिला शब्द आहे. काल तालमीत पहिल्यांदा केलं. माझा सूर कुठे संपला आणि तिचा कुठे सुरू झाला हे ड्रमवाल्यालाही कळलं नाही. तो वाजवायचा थांबला आणि म्हणाला, परत.

आता तिथून मागे येत बांधलंय. शेवटचे चार बार पक्के, सूर न सूर. त्याआधीच्या आठ बारची फक्त उतरायची ठिकाणं पक्की, मधल्या वाटा रोज वेगळ्या. आणि पहिले चार बार तिच्याच दुसऱ्या कडव्याच्या शेवटच्या ओळीची चाल, थोडी मोडून. ती गाऊन थांबते, गिटार तीच ओळ परत विचारते.

रात्रपाळी
वा! सवाल-जवाब!

मडगावकर
शेवट लिहिलेला, मधलं मोकळं. आमचे काका असते तर पाठ थोपटली असती तुमची.

निवांत_नाशिक
मी आज टॅबची फाईल कपाटात टाकली आणि चार बार कानाने उतरवायला बसलो. पहिले दोन सूर सापडलेत.

लीड्सकर
एक तांत्रिक सूचना, सहावी_तार. तुमच्या गिटारचा ब्रिज (तारा अंगावर जिथे टेकतात तो भाग) तरंगता, म्हणजे स्प्रिंगवर हलणारा असेल तर तिसरी तार ढकलताना बाकीच्या तारा किंचित उतरतात. एकट्या सुराला फरक पडत नाही, पण त्या बेंडखाली दुसरी तार वाजत ठेवली असेल तर ती बेसूर होईल. गच्चीवर जाण्याआधी तपासा.

सहावी_तार
ब्रिज घट्ट बसवलेलाच आहे, आभार. कोजागिरीला अजून पाच आठवडे. गच्चीवर वारा असेल, गिटार गार पडून सूर हलतील, तेव्हा वाजवायच्या आधी अर्धा तास वरच नेऊन ठेवतो आणि तिथेच मिळवतो. रेकॉर्डिंग इथे टाकेन.

पेटीवाला
टाका. आमचं भजन त्याच रात्री आहे, पण दूध आटेपर्यंत वेळ असतो. मंडळींना पेटीवर तुमच्या चार कॉर्ड ऐकवणार आहे.